ओटोबाची तबकडी

पार्सलच्या खोक्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता कामणच्या गोदामाचा होता. "अगं, हे तर इथलंच. मीच स्कूटरवर जाऊन आणलं असतं," असं मी म्हणालो, तेव्हा माझ्या बायकोने, वर्षाने, आधी माझ्या पोटाकडे आणि मग खोक्याकडे पाहिलं, आणि दोन्ही एका स्कूटरवर मावणार नाहीत हे काही न बोलता सांगून टाकलं. आमच्या मुलीने, मुक्ताने, कात्रीने पट्ट्या कापल्या. आत थर्माकोल, थर्माकोलच्या आत बॅगेसारखी एक निळी पेटी, आणि पेटीचं झाकण उघडल्यावर रेकॉर्ड प्लेअर.

मी नाक पुढे केलं. नव्या रबराचा आणि प्लास्टिकचा वास. एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला पहिले आठ दिवस हाच वास असतो. मला दुसरा हवा होता: तापलेल्या धुळीचा, खोबरेल तेलाचा आणि सोनचाफ्याचा. गाण्याच्या मशीनला सोनचाफ्याचा वास का यावा, हे सांगायचं तर मला निर्मळच्या जत्रेपर्यंत मागे जावं लागेल. मी असा मागे जायला लागलो की आमच्याकडचे भाचे-पुतणे मोबाइल चार्जिंगला लावायला एकेक करून उठतात. तुम्ही बसा.

कार्तिकात निर्मळची जत्रा भरते. त्या वयात मला जत्रा आधी नाकाने कळायची. एका नाकपुडीत सुके बोंबील, दुसरीत सुकेळी. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, मधासारखी काळसर झालेली सुकेळी आमच्या घरीही होत. आमची वाडी होती, केळींची, पानवेलींची, चाफ्याची. पण स्वतःच्या ओटीवरचं सुकेळं आणि जत्रेतलं सुकेळं यांच्या चवीत काय फरक असतो, हे ज्याला कळत नाही तो लहानपणी बहुधा आजारीच असावा.

त्या वर्षी जत्रेला निघताना नलूआत्याने माझ्या मुठीत पैसे कोंबले. नलूआत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. तिचं लग्न झालं नाही. का झालं नाही, हे घरात कुणी बोललं नाही आणि कुणी विचारलंही नाही. आमच्याकडे विहिरीची खोली विचारतात, माणसांची नाही. पहाटे ती चाफ्याची फुलं काढायची, दुपारी केळीच्या पानात त्यांचे पुडे बांधायची, आणि मधल्या वेळात मला वाढवायची. "हे बघ," ती म्हणाली, "खाऊन संपेल असलं काही आणू नकोस. टिकेल असं आण."

जत्रेत टिकाऊ वस्तू शोधणं हे किती अवघड काम आहे, ते त्या दिवशी समजलं. भिंगरी संध्याकाळपर्यंत टिकते, फुगा वेशीपर्यंत. शेवटी जत्रेच्या कडेला गोणपाटावर जुनी कुलुपं, कंदिलाच्या काचा आणि मोडकी घड्याळं मांडून एक म्हातारा बसला होता, त्याच्यापुढे मी उकिडवा बसलो. कुलुपांच्या ढिगाखाली एक काळी थाळी चमकत होती.

"हे काय?"

"तवा."

"भाकरीचा?"

"गाण्याचा." त्याने ती थाळी उन्हात तिरपी धरली. पानवेलीच्या वाफ्यांना पाट काढावेत तशा तिच्यावर बारीक बारीक रेघा, गोल गोल.

"यात गाणं कुठे असतं?"

"रेघेत."

"कुठल्या रेघेत?"

"कुठल्या म्हणजे? एकच रेघ आहे ती. बाहेरून शिरते नि फिरत फिरत मधोमध जाते."

मला ते पटेना. मी कडेला नख लावून त्या रेघेचा माग काढायला लागलो आणि दोन फेऱ्यांतच वाट चुकलो. एवढ्याशा थाळीत एवढी लांब वाट गुंडाळून ठेवलेली, आणि तिच्यावरून चालत गेलं की गाणं! मुठीतले सगळे पैसे मी त्या म्हाताऱ्याच्या हातावर ओतले. आयुष्यातली पहिली रेकॉर्ड मी अशी विकत घेतली. ती वाजवायला घरात काहीही नव्हतं, ही गोष्ट जत्रेतून परतताना अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आली.

आईने ती हातात घेऊन उलटसुलट केली. "तवा आणलास, तो बिनकानाचा. आणि मधे भोक." नलूआत्याने मात्र ती कानाला लावली, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "टिकेल हं ही. वाजलीच नाही तर टिकणारच."

मधल्या गोल कागदावर कधीकाळी नाव छापलेलं असावं. आता तो खरवडून गेला होता. एक अक्षर काय ते उरलं होतं, शेवटचं: बा. त्या एका अक्षराने पुढे काय काय केलं, ते येईलच. दुसऱ्या बाजूला अक्षरही नव्हतं आणि रेघाही धड नव्हत्या.

आमच्या वाडीच्या कुंपणापलीकडे इनासकाका राहायचे. बरीच वर्षं आगबोटीवर काढून ते घरी आले, ते बरोबर एक लोखंडी ट्रंक, एक फिरंगी छत्री आणि एक रेकॉर्ड प्लेअर घेऊन. गावातलं ते एकुलतं एक मशीन. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की इनासकाका पांढरा शर्ट बदलून निळा शर्ट घालत आणि मशीनवरचं विणलेलं फडकं उचलत. त्यांच्याकडे मोठाल्या चार-सहा रेकॉर्डी होत्या, प्रार्थनेच्या आणि परदेशी बँडच्या. मशीनच्या पुढच्या बाजूला एका ठिकाणी त्यांनी रुंद चिकटपट्टी मारून ठेवली होती. तिथे हात लावायचा नाही, हा नियम. मशीनला तसे नियम पुष्कळ होते.

"ह्याला बोट चालत नाय, वारा चालत नाय, बायको चालत नाय," ते मला बजावत.

आतून मार्ताबाय, त्यांची बायको, ओरडायची, "वाजवणारा तरी चालतो का, विचार त्याला!"

तर एका रविवारी मी, माझा तवा आणि सोबतीला नलूआत्या, असे तिघं कुंपण ओलांडून गेलो. आत्याच्या हातात चाफ्याची परडी होतीच. रिकाम्या हाताने ती कुठे बसत नसे. इनासकाकांनी तबकडी शर्टाच्या बाहीने पुसली, चकतीवर ठेवली, आणि बाळाला पाळण्यात ठेवावं तशी सुई टेकवली.

आधी तेलात मोहरी तडतडल्यासारखं झालं. मग फार खालून, विहिरीच्या तळाशी कुणी घंगाळ फरफटत न्यावं तसं काहीतरी वाजायला लागलं. आणि मग तो आवाज आला. पुरुषाचा. एवढा खोल, एवढा जड आवाज मी तोवर ऐकला नव्हता, आणि नंतरही नाही. एकेक अक्षर जणू तो खांद्यावरून वाहून आणत होता आणि आमच्यापुढे उतरवून ठेवत होता.

"ऑऽऽऽटोऽऽऽबाऽऽऽ… ऑऽऽऽटोऽऽऽबाऽऽऽ…"

मार्ताबाय हात पुसत दारात आली आणि तिने कपाळापासून छातीपर्यंत क्रूस केला. आत्याच्या बोटांतलं फूल बोटांतच राहिलं. गाणं संपता संपेना. चहावर साय धरली. सुई एकदाची मधोमध पोचली तेव्हा अंगणातल्या कोंबडीचा आवाजसुद्धा फाजील वाटला.

"कोण रे हा?" आत्याने हळूच विचारलं.

"बुवा आहे," इनासकाका म्हणाले. "मोठा बुवा असणार."

"पण भाषा कुठली?"

इथे खरी गंमत सुरू झाली. आमच्या भागात कुंपण बदललं की बोली बदलते. त्यामुळे न कळलेला शब्द हा नेहमी शेजारच्याचा असतो. इनासकाका छातीवर हात ठेवून म्हणाले, ही तुमची वाडीवाल्यांची. आत्या म्हणाली, छट्, आमच्यात एवढं सावकाश बोलायला वेळ कुणाला आहे, ही तुमच्या चर्चमधली असेल. तेवढ्यात कळंबहून मासळी घेऊन येणारी जानकी फाटकाशी टोपली टेकवून उभी होती, तिलाही सुई मागे घेऊन थोडं ऐकवलं.

"आमची नाय ही," जानकी म्हणाली. "आमच्यात इतका वेळ लावून गायलं तर मासली नासंल. पन कुनीतरी गेलंय त्याचं. इतकं लांब रडनं माझ्या सासूच्या वेळेला पन झालं नवतं."

मग मी, गाण्याचा मालक या नात्याने, कागदावरचं ते उरलेलं अक्षर दाखवलं. बा.

आत्याने त्या अक्षरावरून बोट फिरवलं. "विठोबा," ती म्हणाली. "खंडोबा. म्हसोबा. जोतिबा. आणि हा ओटोबा. अरे, देव आहे. तो बुवा देवाला हाका मारतोय."

"असेल, असेल," इनासकाका म्हणाले. "तुमच्यात देवांना काय कमी आहे?"

"तुमच्यात संतांना आहे का?" आत्याने विचारलं, आणि दोघं हसले.

ओटोबा आमच्याकडे आला तो असा. पुढच्या रविवारी आत्याने त्या मधल्या कागदावर कुंकवाचं बोट लावलं. "कुंकू सुईत जाईल, नलू," म्हणून इनासकाका कळवळले, पण आत्या म्हणाली, भोकाजवळ लावलंय, सुई तिथवर येत नाही. मग तिने परडीतला एक सोनचाफा उचलून मशीनवर ठेवला. पुढचे सगळे रविवार तसेच. आत्या कुंपण ओलांडून येणार, एक फूल मशीनवर, बाकीची मांडीवर. बुवा गायला लागला की ती पुडे बांधायला लागायची, त्याच्याच लयीत. केळीचं पान पसरायचं, फुलं मांडायची, घडी घालायची, केळीच्या खोडाच्या सोपटाची दोरी ओढायची. गाणं संपेस्तोवर परडी संपायची. मशीन तापायचं आणि चाफ्याचा वास त्या तापलेल्या धुळीत, सुईला लावायच्या खोबरेल तेलात मिसळून खोलीभर पसरायचा. सुईला तेल लावतात का, ते मला ठाऊक नाही. इनासकाका लावायचे. आगबोटीवर प्रत्येक गोष्टीला तेल लावायची सवय, एवढंच ते कारण सांगत.

हळूहळू ओटोबा त्या खोलीतून बाहेर पडला. वादळात केळी आडव्या झाल्या, आत्या विहिरीच्या काठावर उभी राहून म्हणाली, "ओटोबा, बघ रे बाबा." गाय अडली, ओटोबा. माझा निकाल, ओटोबा. मी गणितात गटांगळी खाल्ली तेव्हा वडील छडी शोधत होते आणि आत्या मध्ये पडून सांगत होती, "त्याचा काय दोष? ओटोबाला गणित येत नसेल." देव्हाऱ्यातल्या बाकीच्या देवांशी ती ठरलेल्या शब्दांत बोलायची. ओटोबाशी मात्र साधं बोलायची, कुंपणावरून बोलावं तसं. कधी कधी दुपारी ती पुडे बांधता बांधता नुसतीच हात मांडीवर ठेवून बसे आणि पुटपुटे, "ओटोबा… ओटोबा…" कशासाठी, ते मला कळत नसे. बुवासारखाच खालचा सूर लावायचा प्रयत्न करायची. तो लागायचा नाही.

मला मात्र ओटोबा कुठे राहतो, हे जाणून घ्यायचं होतं. देव म्हटला की त्याला गाव हवं, डोंगर हवा, निदान शेंदूर फासलेला धोंडा तरी हवा. पुढे कॉलेजात, नोकरीत, कुठेही फिरायला गेलो की मी तिथल्या पुजाऱ्याला हळूच विचारायचो, "इकडे ओटोबाचं स्थान आहे का हो?" बहुतेक जण मान हलवत. एकाने मात्र ठामपणे पलीकडचा डोंगर दाखवला. भर उन्हात मी तो चढलो. वर एक शेळी होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की परत उतरताना मी तिला नमस्कार करून आलो. म्हटलं, चुकूनसुद्धा चूक नको.

इनासकाका गेले. त्यानंतर मार्ताबाय मुलाकडे परदेशी गेली, आणि घर पाडताना ते मशीन कुठे गेलं, ते कुणालाच सांगता येईना. कुंपणाच्या जागी आता सिमेंटची भिंत आहे, माझ्या डोक्याच्या वर जाणारी. ती ओलांडून कुणी फुलं घेऊन जाऊ शकत नाही. विहिरीवर लोखंडी जाळी बसली. तबकडी आत्याने देव्हाऱ्याखालच्या खणात, जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवली. मुकी. पण गुरुवारी तिच्यावर कुंकवाचं बोट चुकलं नाही.

आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. वाडीवरच, माझ्या दादा-वहिनीजवळ असते. मध्यंतरी तिचं हृदय दमायला लागलं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, झडप बदलावी लागेल, छोटंसं काम आहे. "छोटंसं असतं तर तुम्ही सगळे असे का उभे असता?" ती आम्हाला म्हणाली. मग मला एकट्याला जवळ बोलावून तिने खणातली गुंडाळी माझ्या हातात दिली. "जायच्या आधी एकदा ओटोबा ऐकव. टेबलावर आडवी झाल्यावर दुसरा कुणी आठवायचा नाही मला. नीट ने. वाकवू नकोस."

"ती वाकत नाही आत्या, फुटते."

"मग फोडू नकोस."

त्यासाठी ती निळी पेटी.

मी लुगड्याचा तुकडा सोडला. कागदावर कुंकवाचा एवढा थर बसला होता की 'बा' सुद्धा आता बोटांनाच लागत होता. मुक्ताने पेटीच्या कडेचा एक खटका पाहिला. "बाबा, तेहतीस, पंचेचाळीस, अठ्ठ्याहत्तर. कितीवर लावू?"

"इनासकाकांच्या मशीनला असले आकडे नव्हते."

"असणारच. प्रत्येकाला असतात."

"नव्हते. तिथे चिकटपट्टी होती."

मुक्ता माझ्याकडे बघत राहिली. "आणि चिकटपट्टीच्या खाली?"

गाणं कुठल्या रेघेत असतं म्हणून जत्रेतल्या म्हाताऱ्याचं डोकं खाणारा मी. ओटोबासाठी डोंगर चढून शेळीला नमस्कार करणारा मी. पण त्या पट्टीखाली काय आहे, हा प्रश्न मला एवढ्या वर्षांत एकदाही पडला नव्हता. नियम म्हणजे नियम.

मुक्ताने तेहतीसवर लावलं. मोहरी तडतडली, घंगाळ सरकलं, आणि बुवा आला. ऑऽऽऽटोऽऽऽबाऽऽऽ. मी पलंगावर टेकलो. वर्षासुद्धा लसूण सोलायची थांबली. "काय आवाज आहे हो," ती म्हणाली.

"एक मिनिट," असं म्हणून मुक्ताने खटका पुढे, अठ्ठ्याहत्तरपर्यंत सारला.

बुवाचा आवाज जिना चढल्यासारखा वर चढायला लागला. रडणं गुणगुणणं झालं, घंगाळाची बाजाची पेटी झाली, कुठूनतरी ढोलकी उठून उभी राहिली, आणि बुवाची बघता बघता बाई झाली. चांगली तरणीताठी, हसऱ्या गळ्याची. आणि ती स्वच्छ मराठीत गात होती:

"आटप बा, आटप बा, गाडीवाना आटप बा,
दिवस कलला, माहेर लांब, बैलांना दे हाक बा…"

पुढे कायकाय होतं. आई दारात उभी असेल म्हणते, पाडसाला चारा घालायचाय म्हणते, आणि दर कडव्यानंतर बिचाऱ्या गाडीवानाला टोचते, आटप बा. तीन-एक मिनिटांत तिने सगळं उरकलं आणि सुई मधोमध जाऊन खरखरायला लागली.

"संपलं?" मी विचारलं. तेवढ्या वेळात आमचा बुवा पहिली हाक मारून श्वास घेत असे.

मुक्ता हसत हसत जमिनीवर बसली. वर्षा हसली नाही. "आत्यांना सांगायचं नाही," ती म्हणाली. "अजिबात नाही. पुढच्या आठवड्यात टेबलावर झोपायचंय त्यांना. तिथे नाव कुणाचं घेतील? गाडीवानाचं?"

"पण आई, हे खोटं आहे ना."

"तुझं हृदय बदलायला काढलंय का कुणी? मग गप्प बस."

दोघी माझ्याकडे वळल्या. अशा वेळी ठाम निर्णय न घेण्याबद्दल मी आमच्या खानदानात प्रसिद्ध आहे. त्या लौकिकाला जागून मी खटका तेहतीसवर आणला आणि त्याच्यावर चिकटपट्टी मारली. रुंद.

रविवारी पेटी घेऊन आम्ही वाडीवर गेलो. आत्या उशांना टेकून बसली होती. वहिनीने तिच्या मांडीवर चाफ्याची चार फुलं ठेवली होती. आता चार फुलं म्हणजेही परडी. मी सुई टेकवली. बुवा गायला लागला तसे आत्याचे डोळे मिटले, आणि तिची बोटं लुगड्याच्या काठावर हलायला लागली. पान पसरणं, फुलं मांडणं, दोरी ओढणं. हातात पान नव्हतं, दोरी नव्हती. मी पेटीला नाक लावलं. हळूहळू, तापत जाताना, तो वास यायला लागला होता. म्हणजे मशीन कुठलंही चालतं, चाफा हवा.

गाणं संपलं. आत्याने डोळे उघडले आणि पेटीकडे बोट केलं. "ह्यालाही पट्टी?"

"हो. म्हणजे, ते असंच असतं," मी म्हणालो.

"इनासला मी दर रविवारी विचारायचे, खाली काय आहे. सांगायचा नाही. म्हणायचा, मलाच माहीत नाय, ज्याच्याकडून घेतलं त्यानेच लावून दिलीय." आणि मला काही सुचायच्या आत तिने वाकून नखाने पट्टीचं टोक उचललं आणि सर्रकन ओढली. ऐंशी वर्षं केळीचं सोपट सोलणारी बोटं ती. "आकडे आहेत. मुक्ते, हे काय गं?"

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. वर्षाने मुक्ताकडे पाहिलं.

"वेग आहे, आजी," मुक्ता म्हणाली.

"मग पुढे सारून बघ की."

"आत्या, नको," मी म्हणालो. "ओटोबा आहे तसा बरा आहे."

"तुला माहीत आहे वाटतं काय होतं ते." तिने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी बुटक्या चाफ्यामागे लपलो की बघायची तशी. "सार गं."

ढोलकी वाजली. ती हसऱ्या गळ्याची बाई खोलीत शिरली आणि गाडीवानाला टोचायला लागली. मी आत्याच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होतो, म्हणून तिच्या हातांकडे बघत होतो. बोटं थांबली होती. तिने सबंध गाणं ऐकलं. मग परत लावायला सांगितलं आणि परत ऐकलं. वर्षाचे डोळे मला भाजत होते.

"आटप बा," आत्या शेवटी म्हणाली. जिभेवर ठेवून बघावं तसं. "आटप… बा. ओटोबा." आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं संपलं सगळं. वहिनी पाणी आणायला धावली. पण आत्या हसत होती. आवाज न करता, छातीवर तळवा दाबून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"आत्या, हसू नका हो, छाती!" वहिनी ओरडली.

"अगं, एवढी वर्षं मी देवाला 'आटप, आटप' करतेय!" ती धापा टाकत म्हणाली. "आणि तो शहाणा. त्याने काही आटपलं नाही. आटपलं असतं म्हणजे मग काय झालं असतं?"

तिने डोळे पुसले, मांडीवरचं एक फूल उचललं आणि पेटीच्या कडेवर ठेवलं. "बाई गोड आहे हं. पण तिला माहेर गाठायचंय, म्हणून तिची घाई. मी तर माहेरीच बसलेय. मला कसली घाई? बुवाला लाव."

मुक्ताने खटका मागे घेतला. बाई उतरत उतरत बुवा झाली. आत्याने डोळे मिटले आणि पूर्वीसारखंच पुटपुटली, "ओटोबा." या वेळी सूर बराच खाली लागला.

झडपेचं काम झालं. तिथल्या टेबलावर तिने कुणाचं नाव घेतलं, ते आम्हाला कळायला मार्ग नाही. एक नर्स मला म्हणाली, आजी झोपताना हसत होत्या. तिला घरी आणायला मी गाडी घेऊन गेलो. मागच्या सीटवर ती, शेजारी वर्षा, आणि चालवणारा मी. माझ्या चालवण्याबद्दल घरात जे बोललं जातं ते इथे लिहीत नाही. खाडीचा पूल ओलांडला आणि फाट्यापाशी ट्रकांच्या रांगेत आम्ही रुतलो. पुढचा हलेना, मागचा भोंगा थांबवेना. मी आरशातून मागे पाहिलं. तिने डोळे मिटले होते. मला वाटलं, झोपली.

रांग थोडी हलली. मी नेहमीप्रमाणे आधी आरसा नीट केला, मग चष्मा नीट केला, मग गिअर शोधायला लागलो. तेवढ्यात मागून, बारीक पण स्वच्छ आवाजात, अगदी अठ्ठ्याहत्तरच्या वेगाने ऐकू आलं,

"आटप बा, गाडीवाना."